पत, पत्री आणि पती: एका हेडर फाइलची तवारीख

सी भाषेतल्या लायब्ररीबरोबर एक हेडर फाइल येते. प्रत्यक्ष काम करणारा कोड तिच्यात जवळपास नसतोच. कोणती फंक्शन्स आहेत, त्यांना काय द्यायचे, ती काय परत करणार, एवढीच यादी असते. एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोन पक्षांमधला तो तहनामा असतो, आणि तहनाम्याची कलमे नीट वाचली की कोणाला कशाची धास्ती होती ते कळते. मी हेडर फाइली याच नजरेने वाचतो. त्यातली मला सर्वांत बोलकी वाटलेली फाइल ऑटोमर्ज नावाच्या लायब्ररीची आहे.

ऑटोमर्जचे काम थोडक्यात असे. एकच मजकूर तुमच्या फोनवर आहे, माझ्या लॅपटॉपवर आहे आणि तिसऱ्या कोणाच्या संगणकावर आहे. तिघेही इंटरनेट नसताना त्यात बदल करतात. पुढे कधीतरी गाठ पडते, बदलांची देवाणघेवाण होते आणि तिन्ही प्रती तंतोतंत सारख्या होतात. मध्ये पंच नाही, मुख्य प्रत नाही, कोणाच्या कचेरीत ठेवलेली अस्सल नाही. जानेवारी 2023 मध्ये या लायब्ररीची दुसरी मोठी आवृत्ती आली, आणि सी भाषेतून तिच्याशी बोलण्याचा करारही तिच्यासोबत होता. त्या करारातली कलमे अशी का आहेत हे समजायचे तर आधी मजकूर वाटून लिहिण्याची कहाणी पाहावी लागते.

9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट यांनी जगाला माऊस दाखवला. त्याच प्रात्यक्षिकात त्यांनी सुमारे 50 किलोमीटरवरच्या मेन्लो पार्कमध्ये बसलेल्या सहकाऱ्याबरोबर पडद्यावरच्या एकाच मजकुरावर काम केले. पण संगणक एकच होता. दोघेही एकाच यंत्राकडे पाहत होते, त्यामुळे प्रतींचा मेळ घालण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. तो उद्भवला प्रत्येकाच्या टेबलावर स्वतंत्र यंत्र आल्यावर.

1989 मध्ये टेक्ससमधल्या ऑस्टिन शहरात क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्स यांनी ग्रोव्ह नावाचा संपादक बनवला. (एलिस हे अमेरिकेत संगणकशास्त्रात पीएचडी मिळवणारे पहिले आफ्रिकन-अमेरिकन. ही गोष्ट पाठ्यपुस्तकांतून सहसा येत नाही, म्हणून इथे नोंदवतो.) त्यांची कल्पना सोपी वाटते. मी म्हणालो, पाचव्या जागी एक अक्षर घाला. तेवढ्यात तुम्ही दुसऱ्या जागेचे अक्षर खोडले. तर माझे ‘पाच’ तुमच्याकडे पोहोचेपर्यंत ‘चार’ व्हायला हवे. प्रत्येक आज्ञा दुसऱ्या आज्ञेच्या उजेडात बदलून घ्यायची. कागदावर हे सुरेख आहे. पुढच्या दशकात संशोधकांच्या लक्षात आले की आज्ञा काही विशिष्ट क्रमाने आल्या तर प्रती एकसारख्या होतच नाहीत. दुरुस्त्या निघाल्या, दुरुस्त्यांच्या दुरुस्त्या निघाल्या.

1995 मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रातल्या ज्युपिटर प्रकल्पाने या गुंत्यातून व्यवहारी वाट काढली. मधोमध एक सर्व्हर बसवा आणि प्रत्येकाने फक्त त्याच्याशीच बोलावे. आज्ञांचा क्रम तो ठरवेल. गणित एकदम सोपे झाले. पुढे 2006 मध्ये गुगलने रायटली विकत घेऊन ऑनलाइन दस्तऐवजांचा धंदा सुरू केला, आणि आज आपण ज्या पद्धतीने एकत्र लिहितो तिच्या मुळाशी ज्युपिटरचीच वाट आहे. तिची किंमत लगेच दिसली नाही. क्रम ठरवणारा मधला माणूस अपरिहार्य झाला की मजकूरही त्याच्याच घरी राहायला जातो. गुगल वेव्ह 2009 मध्ये वाजतगाजत आले आणि ऑगस्ट 2010 मध्ये ते गुंडाळत असल्याचे जाहीर झाले. तिथे लिहिणाऱ्यांच्या हातात निर्यात करून घेण्याची मुदत उरली.

दुसरी वाट फ्रान्समधून निघाली. 2006 मध्ये नान्सी इथल्या संशोधकांनी जागेचा आकडाच टाकून दिला. प्रत्येक अक्षराला जन्मतःच एक कायमची ओळख द्यायची. ‘पाचव्या जागी घाला’ असे न म्हणता ‘अमक्याने लिहिलेल्या तमक्या अक्षरानंतर घाला’ असे म्हणायचे. खोडलेले अक्षर पुसायचे नाही, फक्त दिसू द्यायचे नाही, कारण दुसरा कोणी अजून त्याच्या आधाराने काही लिहीत असेल. अशा अक्षराला या विद्येत थडगे म्हणतात. 2011 मध्ये मार्क शापिरो आणि सहकाऱ्यांनी अशा सगळ्या रचनांना सीआरडीटी हे एकच नाव दिले आणि त्यांचे नियम मांडले.

मदरशात थोडेफार शिकलेल्या माणसाला ही रचना परकी वाटत नाही. हदीस सांगताना आधी सनद सांगायची: मी अमक्याकडून ऐकले, त्याने तमक्याकडून. साखळी नाही तर मजकुराला उभे राहायला जागा नाही. (मराठीतली ‘सनद’ याच अरबी शब्दाची, फक्त आपल्याकडे ती वतनाच्या कागदावर जाऊन बसली.) ऑटोमर्जमधला प्रत्येक बदल आपल्या आधीच्या बदलांची नावे घेऊनच येतो. ती नावे म्हणजे बदलाच्या मजकुरावरून काढलेले हॅश असतात. आधीचा दुवा पोहोचला नसेल तर नंतरचा बदल थांबवून ठेवला जातो. फरकही तेवढाच मोठा आहे. हदीसचे जाणकार साखळीतला माणूस खरा होता की खोटा हे तपासत. हॅशला माणसाच्या सचोटीतले काहीच कळत नाही, मजकूर वाटेत बदललेला नाही एवढेच तो सांगतो.

केंब्रिजचे मार्टिन क्लेपमन आणि अॅलस्टेअर बेरेसफर्ड यांचा याविषयीचा शोधनिबंध 2017 मध्ये छापून आला आणि त्याच सुमारास ऑटोमर्ज जावास्क्रिप्टमध्ये अवतरली. 2019 मध्ये इंक अँड स्विच या संशोधनगटाबरोबर क्लेपमन यांनी ‘लोकल-फर्स्ट’ हा शब्द रूढ केला: अस्सल प्रत लिहिणाऱ्याच्या यंत्रावर, सर्व्हर असला तर मदतनीस म्हणून. विचार पटण्यासारखा होता, पण पहिली लायब्ररी संथ होती. क्लेपमन यांनी आपल्या एका शोधनिबंधाच्या लेखनातली कळ न् कळ नोंदवून ठेवली होती. सुमारे 2 लाख 60 हजार बदल. त्या बदलांचा डोंगर ओढताना जावास्क्रिप्टची दमछाक होई. म्हणून लायब्ररीचा गाभा रस्ट भाषेत नव्याने लिहिला गेला. आयफोनवर, अँड्रॉइडवर, जुन्या सी प्लसप्लस प्रोग्रॅममध्ये, पायथनमध्ये, सगळीकडे हाच एक गाभा चालावा असा बेत होता.

इथे आपल्या तहनाम्याची गरज पडते. आणि तहाची भाषा सी का, हेही.

सी भाषा डेनिस रिची यांनी 1972 च्या आसपास बेल लॅब्जमध्ये घडवली, 1973 मध्ये युनिक्सचा गाभा तिच्यात लिहिला गेला, 1989 मध्ये तिचे अमेरिकी प्रमाणीकरण झाले. आज सी मध्ये नवे काही सुरू करणारे कमी असतील, पण भाषांनी आपसात बोलायचे तर मधली बोली सीच असते. आपल्याकडे दख्खनच्या दरबारात फारसीचे होते तसे थोडेफार: घरी ती कोणी बोलत नाही, कागद मात्र तिच्यातच होतो. रस्टची पहिली स्थिर आवृत्ती मे 2015 मधली. तिची अंतर्गत मांडणी, म्हणजे फंक्शनला बोलावताना माहिती कुठल्या खणात कशी ठेवायची हा नियम, कंपायलरच्या आवृत्तीगणिक बदलू शकतो. तो कायम ठेवण्याचे वचन रस्टने मुद्दामच दिलेले नाही. सीची मांडणी मात्र प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमवर ठरून गेलेली आहे. म्हणून रस्टमध्ये लिहिलेली लायब्ररी स्विफ्टशी बोलताना दोघी आपापली भाषा बाजूला ठेवतात आणि सीत बोलतात.

सीत बोलायचे म्हणजे मात्र बरेच काही दाराबाहेर काढून यावे लागते. रस्टकडे मालकीचे कडक नियम आहेत. प्रत्येक वस्तूचा मालक एक, उसनी दिली तर किती काळासाठी ते आधीच नोंदलेले, आणि मालक संपला की वस्तूही संपते. हे सगळे कंपायलर तपासतो. सीमध्ये यातले काहीही लिहिण्याची सोय नाही. तिथे फक्त पॉइंटर आहे, मेमरीतला एक पत्ता. ते घर कोणाचे, त्यात राहायचे किती दिवस, निघताना कुलूप कोणी लावायचे, याबद्दल पत्ता गप्प असतो. मग हे सगळे हेडर फाइलीतल्या टिपांमध्ये आणि वापरणाऱ्याच्या इमानावर उरते.

मी यासाठी मनातल्या मनात ‘अमानत’ हा शब्द वापरतो. अमानत म्हणजे विश्वासाने सोपवलेली वस्तू. तुमच्या ताब्यात असते, पण तुमची नसते, आणि जशीच्या तशी परत करायची असते. सीच्या करारांत चुका होतात त्या बहुधा अमानत आणि मालकी यांची गल्लत झाल्यामुळे. एकच वस्तू दोनदा परत केली तर प्रोग्रॅम कोसळतो. परत केल्यावर वापरली तर कोसळतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे कोसळत नाही आणि चुकीचे काही लिहून ठेवतो. परत केलीच नाही तर मेमरी हळूहळू भरत जाते. रस्टने घेतलेली मेमरी सीच्या नेहमीच्या फ्री या फंक्शनला देऊनही चालत नाही. ज्याने दिली त्याच्याकडेच ती परत गेली पाहिजे.

एसक्यूलाइटने हा प्रश्न फार आधी ओळखला होता. 2000 साली रिचर्ड हिप यांनी सुरू केलेली ही डेटाबेस लायब्ररी आज बहुतेक प्रत्येक फोनमध्ये आहे. तिला मजकूर सोपवणाऱ्या फंक्शनचा शेवटचा रकाना मला नेहमी आवडतो. तिथे तुम्हाला सांगावेच लागते: हा मजकूर कायम जागेवर राहणार आहे, की तो जाणार असल्यामुळे तू आपली नक्कल करून घे, की तुझे काम झाले की अमुक फंक्शनला बोलावून तो मोडून टाक. तीन उत्तरे, त्यातले एक दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अमानतीची अट टिपेत न लिहिता थेट कलमात आली.

ऑटोमर्जने वेगळा उपाय काढला. तिचे जवळपास प्रत्येक महत्त्वाचे फंक्शन एकाच प्रकारची वस्तू परत करते, ‘एएम-रिझल्ट’. नवा दस्तऐवज तयार केलात तरी हातात दस्तऐवज येत नाही. येतो तो रिझल्ट, आणि दस्तऐवज त्याच्या पोटात. एखादी किंमत विचारलीत, तीही रिझल्टच्या पोटात. चूक झाली तर चुकीचा संदेशसुद्धा तिथेच. नियम एकच: रिझल्ट तुमचा, त्याच्या पोटातले सगळे अमानत. रिझल्ट मोडलात की पोटातले सगळे गेले, त्याचे पत्ते जपून ठेवून उपयोग नाही.

वापरायला हे कंटाळवाणे आहे, यात वाद नाही. साध्या एका आकड्यासाठी आधी रिझल्ट घ्यायचा, मग त्याची स्थिती तपासायची, मग आतला नग काढायचा, मग त्याचा प्रकार जुळतो का पाहायचा, शेवटी रिझल्ट परत करायचा. कंटाळा येतो हे लायब्ररीवाल्यांनाही माहीत असावे, कारण त्यांनी सोबत एक चळत दिली आहे: आलेले रिझल्ट तिच्यावर रचत जा आणि शेवटी सगळी चळत एकदम मोकळी करा. शेजारच्या वाय-जेएसची रस्ट आवृत्ती, वायआरएस, उलट दिशेने गेली. तिच्या सी करारात दस्तऐवज मागितला की दस्तऐवजच मिळतो, पण दस्तऐवज मोडायचे फंक्शन वेगळे, मजकुराची ओळ मोडायचे वेगळे, बाइटांची पुडी मोडायचे वेगळे. लिहिताना हा करार हलका वाटतो. माझे मत विचाराल तर मी ऑटोमर्जच्या बाजूचा आहे. चार प्रकारच्या अमानती चार दारांनी परत करायच्या म्हटल्यावर थकलेला माणूस रात्री अकराला चुकीच्या दाराशी जाणारच. एकच दार असले की रांग लांबते, पण चुकामूक होत नाही.

एका कलमाबद्दल मात्र दोन्ही पक्ष एकमताचे आहेत. नेटवर्कला या करारात जागाच नाही. लायब्ररी कुठलेही कनेक्शन उघडत नाही, कुठल्याही पत्त्यावर काही पाठवत नाही. ऑटोमर्जला ‘समोरच्यासाठी संदेश तयार कर’ असे सांगितले की ती बाइटांची एक पुडी देते. आपल्याकडे कोणते बदल आहेत याचा तिच्यात ब्लूम फिल्टर या युक्तीने केलेला आटोपशीर अंदाज असतो, म्हणजे समोरच्याला सगळी यादी न पाठवता काय उणे आहे ते कळावे. ही पुडी कशी पोहोचवायची ते तुम्ही ठरवा: वायफायने, ब्लूटूथने, पेन ड्राइव्हवर टाकून एसटीने. सर्व्हर नको हा लोकल-फर्स्टवाल्यांचा आग्रह जाहीरनाम्यात कितीही वेळा वाचला तरी मला तो खरा वाटला हेडर फाइलीत, जिथे सर्व्हरचा पत्ता मागणारे एकही फंक्शन नाही.

आता मजकुराकडे येतो. मराठी वाचकाचा थेट संबंध इथे येतो.

सीमध्ये मजकुराची ओळ संपली हे शून्य बाइटवरून कळते. ओळीची लांबी कुठेही लिहिलेली नसते. शून्य भेटेपर्यंत चालत राहायचे. सीची आजी बीसीपीएल ही भाषा लांबी आधी लिहून ठेवत असे. बी भाषेत ही रीत सुटली आणि सीने ती तशीच उचलली, कारण लांबीचा खण छोटा असल्याने ओळीच्या लांबीवर मर्यादा येई आणि हिशोब ठेवण्यापेक्षा खूण ठेवणे सोयीचे वाटले. रिची यांनी नंतर तसे लिहूनही ठेवले आहे. या सोयीची किंमत जगाने भरपूर मोजली. नोव्हेंबर 1988 मध्ये इंटरनेटभर पसरलेल्या मॉरिस वर्मने घुसण्यासाठी वापरलेल्या वाटांपैकी एक होती ‘गेट्स’ या फंक्शनची, जे लांबी न विचारता ओळ वाचत सुटायचे. 2011 च्या प्रमाणीकरणात ते भाषेतून काढून टाकावे लागले. दस्तऐवजांच्या लायब्ररीला आणखी एक अडचण होती: मजकुराच्या मध्येच शून्य बाइट आला तर? रस्टला तो चालतो, सीला तिथे ओळ संपल्यासारखी वाटते. ऑटोमर्जच्या सी कराराने सुरुवातीला साध्या सी-ओळी घेतल्या, नंतर त्या बदलून पत्ता आणि लांबी अशी जोडी मागायला सुरुवात केली. बीसीपीएलची रीत पन्नास वर्षांनी मागच्या दाराने परत आली.

लांबी आली, पण लांबी कशाची? करारातले मजकूर घालण्याचे फंक्शन विचारते: कितव्या जागेपासून, किती खोडायचे, काय घालायचे. इंग्रजी लिहिणाऱ्याला हा प्रश्नच पडत नाही. त्याचे एक अक्षर म्हणजे एक बाइट. आपले तसे नाही. 1988 च्या भारतीय प्रमाणात, इस्कीमध्ये, देवनागरीची प्रत्येक खूण एका बाइटात बसे. युनिकोडने देवनागरीची मांडणी त्याच इस्कीवरून घेतली. पण युनिकोड साठवण्याची आजची सर्वमान्य पद्धत यूटीएफ-8, जी केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर 1992 मध्ये आखली, तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. उर्दू लिपीतल्या अक्षराला दोन पुरतात. ‘अमानत’ हा शब्द दोन्ही लिप्यांत पाच खुणांचाच. उर्दूत दहा बाइटांचा होतो, मराठीत पंधरा.

जावास्क्रिप्ट मोजते यूटीएफ-16 मध्ये. तिथे देवनागरीची खूण एक, उर्दूची एक, पण मोडीची दोन! मोडी लिपी युनिकोडमध्ये आली 2014 साली, आणि तिला जागा मिळाली ती जुन्या हद्दीबाहेर. त्यामुळे मोडीतले एक अक्षर यूटीएफ-8 मध्ये चार बाइट, यूटीएफ-16 मध्ये दोन एकके आणि यूटीएफ-32 मध्ये एक असते. आदिलशाही कागद असा घ्या, ज्यावर वर फारसी आणि खाली मोडी आहे, आणि त्याचे लिप्यंतर दोघांनी मिळून करायचे ठरवले आहे. एकाचा प्रोग्रॅम जावास्क्रिप्टमध्ये, दुसऱ्याचा सीमध्ये. ‘दहाव्या जागी घाला’ याचा अर्थ दोघांसाठी वेगळा आहे. म्हणून ऑटोमर्जचा सी भाग बांधतानाच जागा बाइटांत मोजायच्या की युनिकोड खुणांत, हे ठरवावे लागते. वायआरएसमध्ये दस्तऐवज उघडताना बाइट की यूटीएफ-16 हे सांगावे लागते. ही दोन्ही कलमे हेडर फाइलीत एका ओळीची आहेत. ती न वाचता पुढे गेलेला मराठी प्रोग्रॅम पहिल्या जोडाक्षरालाच अडखळतो. बाइटांच्या हिशोबात अक्षराच्या मधोमध पाऊल पडले तर रस्टमध्ये ओळ कापणारा साधा कोड सरळ पॅनिक होतो, आणि पॅनिक ही गोष्ट सीच्या करारात बसत नाही. वेळीच अडवली नाही तर ती सगळा प्रोग्रॅम घेऊन बुडते.

मग अक्षरेच का मोजू नयेत, आपण मोजतो तशी? मलाही आधी हाच न्याय वाटला. ‘पत्री’ म्हणजे दोन अक्षरे, संपले. पण युनिकोडच्या हिशोबात ती पाच खुणा आहे: प, त, हलन्त, र, आणि दीर्घ ईची वेलांटी. या पाचांची अक्षरे कशी पाडायची याचे नियम युनिकोड स्वतंत्रपणे देते, आणि ते बदलतात. सप्टेंबर 2023 च्या 15.1 या आवृत्तीपर्यंत प्रमाण नियमानुसार ‘त्री’चे दोन तुकडे होत, त्या आवृत्तीने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांचे जोडाक्षर अखंड धरायला सुरुवात केली. मतदारयादी दर वर्षी बदलावी आणि जुन्या निकालांची मोजणी नव्या यादीवर करावी, तशातला प्रकार. एका फोनवर जुने नियम, दुसऱ्यावर नवे; अक्षरांत मोजणारी लायब्ररी दोन प्रतींचा मेळ घालूच शकणार नाही. खुणा किंवा बाइट मोजणे रुक्ष आहे, पण ते मोजमाप उद्या हलणार नाही. करारात हेच हवे, असे माझे मत झाले आहे. अक्षराची समज करारावर उभ्या राहणाऱ्या संपादकाने दाखवायची.

ती समज कुठे लागते त्याचा नमुना मी कागदावर मांडून पाहिला आहे. दोन प्रतींत एकच शब्द आहे: ‘पत्र’. अमिना तिच्या प्रतीत बॅकस्पेस दोनदा दाबते. बॅकस्पेस देवनागरीत सहसा एकेक खूण खातो, त्यामुळे ‘र’ जातो, मग हलन्त जातो, आणि उरते ‘पत’. तिला तेच हवे आहे. वाक्य पतपेढीबद्दल आहे. त्याच वेळी दुसऱ्या गावात सदाशिवराव त्याच शब्दाला वेलांटी लावतात आणि ‘पत्री’ करतात. त्यांच्या डोक्यात गणपती आहे. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. संध्याकाळी प्रती भेटतात. अमिनाने हलन्त आणि ‘र’ यांची थडगी केली आहेत, सदाशिवरावांची वेलांटी त्या ‘र’नंतर जिवंत आहे. थडगी दिसत नाहीत, म्हणून वेलांटी सरळ ‘त’ला जाऊन चिकटते. दोन्ही प्रतींत आता लिहिलेले आहे ‘पती’.

लायब्ररीच्या हिशोबात कुठेही चूक नाही. दोन्ही प्रती तंतोतंत सारख्या आहेत, कोणाचाही बदल हरवलेला नाही, वचन पाळले गेले आहे. शब्द मात्र असा आला, जो दोघांपैकी कोणीही लिहिला नव्हता. इंग्रजीतही दोन बदल मिळून वेडावाकडा शब्द तयार होतो, पण तिथे सुटे पडलेले अक्षर सुटेच दिसते आणि डोळ्याला खुपते. आपली अनाथ वेलांटी शेजारच्या घरात बिनबोभाट नांदायला लागते.

‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांचेही तसेच आहे. दोन्ही पाच खुणांचे, पंधरा बाइटांचे, फरक एका ‘र’चा. डोंगरातल्या दऱ्यांबद्दलच्या मजकुरात कोणी ‘दर्या’ लिहिला आणि दोघांनी आपापल्या प्रतीत तो एकाच वेळी सुधारला, तर जुना ‘र’ एकदाच खोडला जातो आणि नवा ‘ऱ’ दोनदा येतो. नवी सिंक लायब्ररी हाती आली की मी तिला आधी हे तीन घास देतो: ‘पत्र’, ‘दर्या’ आणि मोडीतला एक क. मग हेडर फाइलीत जाऊन पाहतो, जागा कशात मोजायची हे कलम कुठे आहे, आणि ते मुळात लिहिलेले आहे का.